पायी आलेलं डिझेल

कळसाडीला माहेरी गेले की माझा धाकटा भाऊ एकच प्रश्न विचारायचा. "आक्का, तू नेमकं काय काम करस?" मी सांगायची, देशात कोळसा, डिझेल, पेट्रोल, रॉकेल, गॅस किती जळतं आणि कशासाठी जळतं, त्याची माहिती गोळा करते. तो उसाच्या बांधावर उभा राहून थोडा विचार करायचा आणि म्हणायचा, "मंग मोजीसन काय करतस? जे जळनं ते जळनं." या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता मी निवृत्त झाले आहे, आणि त्याला ते उत्तर पटलंय असं अजूनही वाटत नाही.

बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते की इंधनाची आकडेवारी म्हणजे दिल्लीत बसवलेलं एखादं यंत्र. ते अर्धंच खरं. खाणीतून किती वाघिणी कोळसा निघाला, बंदरावर किती कच्चं तेल उतरलं, शुद्धीकरण कारखान्यातून काय बाहेर पडलं, डेपोतून कुठल्या पंपाला किती टँकर गेले, हे महिन्याच्या महिन्याला कळतं. तिथे विकणाराही मोठा आणि घेणाराही मोठा, दोघांनाही पावती लागते. म्हणजे पंपाच्या नळीपर्यंत डिझेलचा माग पक्का असतो. नळीतून टाकीत पडलं की माग तुटला. ते ट्रकनं जाळलं, ट्रॅक्टरनं, विहिरीवरच्या इंजिनानं की लग्नातल्या जनरेटरनं, हे पंपाला ठाऊक नसतं आणि त्याला त्याची पर्वाही नसते. देशाला मात्र ठाऊक असावं लागतं. शेतीला किती लागतं आणि वाहतुकीला किती, हे कळल्याशिवाय पुढं किती मागवायचं, सवलत कुणाला द्यायची, धूर कुणाच्या नावावर मांडायचा, यातलं काहीच ठरत नाही. जगालाही दरवर्षी कळवावं लागतं. म्हणून मधूनमधून मोठी पाहणी निघते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही पंप निवडतात आणि तिथे माणूस उभा करतात. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो विचारतो, डिझेल कशासाठी घेता? नंदुरबार जिल्ह्यात अशा उभ्या माणसांची मी पर्यवेक्षक होते.

उभं राहून प्रश्न विचारणं सोपं वाटतं. एकदा विचारून पाहा. विसरवाडीच्या हायवेवर मी एका ट्रकवाल्याला विचारलं, भाऊ, लिटरमागे किती किलोमीटर जाते गाडी? तो म्हणाला, "कोंडाईबारीना घाट चढतांना इंजिन पेस, उतरतांना मी चहा पेस. तुम्ही कोन्हं लिखतस?" शहाद्याला एका जनरेटरवाल्याला विचारलं, वरातीला किती वेळ चालतं यंत्र? "नवरदेवना दोस्त नाचाले कव्हय थांबतीन, त्यावर शे." नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर गेले होते तेव्हाची गोष्ट तर मी अजून सांगते. नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली, माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हातातल्या फॉर्मवर प्रश्न, माल वाळवण्यासाठी कोणतं इंधन वापरता? व्यापारी म्हणाला, "ऊन लिखा ना ताई." मी म्हटलं, उन्हाला रकाना नाही. "मंग सूर्यनारायणले सांगा, तुन्हं नाव यादीमा नही शे." मी तिथे "काही नाही" असं लिहिलं आणि पदरानं डोळे पुसत निघाले.

आमच्या धंद्यात नियम दोनच. माणूस जे सांगेल ते लिहायचं, आपल्याला जे वाटतं ते नाही. आणि कुणी काय सांगितलं हे बाहेर बोलायचं नाही. कायदाही तेच म्हणतो. त्यामुळे पुढे जी हकिगत सांगणार आहे, तीत पंपाचं नाव येणार नाही आणि पाड्याचंही येणार नाही, तिथल्या माणसांची नावंही मी बदलली आहेत. हा लेख वाचून कुणी शोधायला निघालंच, तर मिरचीच्या पथारीवर जाऊन या, डोळे साफ होतील.

माझ्या हाताखाली कविता वळवी नावाची मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीकडे झुकलेली. गाव अक्कलकुव्याकडचं, घरची बोली भिली, आजोळ पार सातपुड्यात पावऱ्यांच्या शेजाराला, त्यामुळे पावरीही तिला तोंडपाठ. अहिराणी बाजारातून शिकलेली, प्रमाण मराठी कॉलेजातून. आमच्या अख्ख्या तुकडीत एवढ्या बोली कुणालाच येत नव्हत्या. नोकरी कंत्राटी होती. पाहणी संपली की कंत्राट संपायचं, आणि काम चांगलं असेल तर पुढच्या पाहणीला नवं मिळायचं. कामावर वाईट शेरा पडला की नाव यादीतून कायमचं जायचं. धाकटी बहीण नंदुरबारला नर्सिंगला होती, तिच्या शिक्षणाचा भार कवितावर. ती एकदा म्हणाली होती, "ताई, माझ्या घरात महिन्याला पगार आणणारी मी पहिलीच." तिनं हे अभिमानानं सांगितलं होतं, पण मला त्यातली धाकधूकही ऐकू आली.

चिठ्ठीत विसरवाडीचा एक पंप निघाला आणि आठवडा निघाला होळीच्या अगोदरचा. कविताला मी तिथे उभं केलं. विसरवाडी म्हणजे फाट्याचं गाव. सुरतेकडून येणारा हायवे पुढे धुळ्याला जातो आणि नंदुरबारला जाणारे तिथून वळतात. ट्रक, बस, टपऱ्या, सगळी गजबज. मला वाटलं, सोपं काम आहे, ट्रक मोजत बसेल.

आठवडा झाला, माहिती वर गेली, आणि पुण्याच्या कार्यालयातून मला थेट फोनच आला. परीक्षण अधिकारी मोहिते साहेब. आवाज मऊ, मुद्दा धारदार. "शोभाताई, तुमच्या विसरवाडीच्या मुलीनं घरी बसून फॉर्म भरलेत."

आमचे फॉर्म आता टॅबलेटवर असतात. वाहन कोणतं, हा पहिलाच प्रश्न. ट्रक, बस, ट्रॅक्टर, जीप अशी यादी, आणि सगळ्यात खाली "नाही". डिझेल घेणाऱ्याकडे वाहन नाही असं लिहिलं की पडद्यावर लाल इशारा येतो, पुन्हा तपासा. कवितानं असंख्य गिऱ्हाइकांना "वाहन: नाही" लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो लाल इशारा बाजूला सारून पुढे गेली होती. उपयोग कशासाठी, या प्रश्नापुढे सगळीकडे एकच, पिठाची चक्की. मोहिते साहेब म्हणाले, "पंपावर माणसं पायी येतात का? आणि आली तर सगळ्यांच्या घरी चक्क्या असतात का? मी पंपाच्या मॅनेजरला फोन केला. तो म्हणतो, आम्ही सुटं डिझेल कुणालाच देत नाही. आता बोला."

त्यांनी सांगितलं की खोटी माहिती भरली असा शेरा लिहून कंत्राट रद्द करायचं, आणि पर्यवेक्षक म्हणून सही माझी लागेल. मी म्हटलं, आधी मी तिला विचारते. "विचारा," ते म्हणाले, "पण आठवड्याच्या आत."

कविता आली, समोर बसली. मी विचारलं आणि तिनं जे सांगितलं ते असं.

सातपुड्यातली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातेत जातात. पाडेच्या पाडे रिकामे होतात, मागे म्हातारी माणसं आणि गुरं राहतात. पण होळीला माणूस जिथे असेल तिथून परत येणारच. होळी त्यांचा सगळ्यात मोठा सण. मुकादमाचे ट्रक त्यांना विसरवाडीच्या फाट्यावर सोडतात. तिथून ती माणसं मिळेल त्या जीपनं नंदुरबारकडे आणि पुढे डोंगरात जातात. काही पाड्यांवर एकच डिझेल इंजिन असतं, सगळ्यांचं मिळून. त्यावर चक्की चालते, पट्टा बदलला की नाल्याचं पाणीही वर चढतं. विजेचे खांब तिथेही पोचलेत, पण वीज पाहुणीसारखी येते आणि चहा न घेता निघून जाते. माणसं तोडणीला गेली की इंजिन बंद पडून राहतं, म्हाताऱ्या बाया जात्यावर दळतात. परत येणाऱ्या प्रत्येक घरानं एक डबा डिझेल आणायचं आणि पाड्याच्या सामायिक पिंपात ओतायचं, असा त्यांचा रिवाज. जो तोडणीला गेला नाही त्याचंही दळण त्यातच होतं. होळीच्या पहिल्या भाकरीचं पीठ त्या इंजिनावर निघतं.

"डोंगरात पंप नाही ताई," ती म्हणाली. "गुजरातेत डिझेल स्वस्त, पण मुकादमाचा ट्रक तिथे कुणासाठी थांबत नाही. म्हणून फाट्यावर उतरतात, जीपची वाट बघतात, तेवढ्यात डबा भरून घेतात."

"हे दुसऱ्या कुणाला कसं दिसलं नाही आजवर?"

"दुसऱ्यानं विचारलं तर ते 'गाडी' म्हणून मोकळे होतात. कोण साहेब, कशाला विचारतो, कुणाला ठाऊक. मी त्यांच्या बोलीत विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, मी खरं लिहिलं." मग म्हणाली, "लाल इशारा आला की मला दर वेळी भीती वाटली. पण 'नाही' हेच खरं होतं."

तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं ठरलं. सही करायची नाही. आणि नुसती सही न करून चालणार नाही, ते खरं आहे हे दाखवावं लागेल. माझी निवृत्ती जवळ आली होती. सहकारी म्हणाले, ताई, कशाला वाट वाकडी करता, एक कंत्राटी मुलगी. मी त्यांना म्हटलं, माझी वाट सरळ होती केव्हा?

पहिल्यांदा विसरवाडी गाठली. पंपाचा मॅनेजर सुकलालभाऊ मला पूर्वीपासून ओळखायचा. चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"सुकलालभाऊ, होळीआधी इथे डब्यांची रांग होती का नव्हती?"

"व्हती ना. मी कव्हय नही म्हनं?"

"मग साहेबांना फोनवर नाही का सांगितलं?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "ताई, पुनाथून साहेब बोलना. इचारं, सुटं डिझेल देतस का? मी 'हो' म्हनसू ते माले नियम दखाडतीन. मालक माले घर धाडी दी."

"आणि त्या पोरीचं काय? ती घरी जाणार आहे, तुमच्याऐवजी."

"तिन्हं वाईट वाटस माले. चांगली पोर शे. दिवसभर उन्हमा उभी राहिनी." तो खरोखर खजील झाला होता. "पन लिखी देनार नही. माले बी पोरं शेत ना ताई."

मला संताप आला, त्याच्यावर आणि त्याच्या मालकावर आणि फोनवर नियमाचं बोलणाऱ्या मऊ आवाजावर. पण सुकलालला पुरता दोष देता येईना. तो ज्या माणसांना डबे भरून देत होता त्यांच्यावर उपकारच करत होता, आणि ते उपकार लपवल्याशिवाय त्याला करता येत नव्हते. चहा तसाच ठेवून मी निघाले.

मोहिते साहेबांनी माझं फोनवर ऐकून घेतलं आणि स्वतः यायचं ठरवलं. हा त्यांचा मोठेपणा मी कबूल करते. दुसऱ्या एखाद्यानं पुण्यातूनच कागद काढला असता. ते आले, पंपावर खुर्ची टाकून दिवसभर बसले. पण होळी होऊन गेली होती. दिवसभरात ट्रक आले, ट्रॅक्टर आले, वऱ्हाडाची बस आली. डबा घेऊन पायी आलेला एकही माणूस दिसला नाही. संध्याकाळी त्यांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "पाहिलंत?"

मी म्हटलं, "साहेब, डिझेल कुठे विकलं हे तुम्ही पाहिलंत. कुठे जळलं ते अजून पाहिलं नाही. आपली पाहणी त्यासाठीच आहे ना?"

सगळा मुद्दा हाच होता. विकणारा सांगत नसेल तर जाळणाऱ्याकडे जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढली. साहेब, मी आणि वाट दाखवायला कविता. नंदुरबार मागे पडलं, तापीचा पूल गेला, शहाद्याचा ऊस-कापूस संपला आणि घाट सुरू झाला. साहेब आधी प्रश्न विचारत होते, मग वळणं वाढली तसे गप्प झाले आणि पुढच्या सीटची दांडी धरून बसले. डांबर संपलं, खडी संपली, नंतर नुसती चाकोरी राहिली. शेवटचा तुकडा चालत गेलो.

पाड्याच्या जवळ पोचल्यावर कविता थांबली. मला वाटलं, दमली. ती साहेबांना म्हणाली, "सर, मी इथेच बसते. झाडाखाली. तुम्ही पुढे जा."

"का?"

"मी बरोबर आले तर तुम्ही म्हणाल, हिनंच पढवलं. भाषा मला येते, तुम्हाला येत नाही. मी काय सांगितलं नि त्यांनी काय सांगितलं, तुम्हाला कसं कळणार? पाड्यावर अंगणवाडीच्या मोगीताई आहेत, त्यांना मराठी येतं. त्यांच्याकडून विचारा. माझं नाव काढू नका."

ती पाठ करून बसली. तिची नोकरी ज्यावर ठरणार त्या बोलण्यात तिला स्वतःला एक शब्द बोलायचा नव्हता. एवढं धैर्य माझ्यात नव्हतं, मी तर बरोबर गेले असते आणि मध्येमध्ये तोंड घातलं असतं. साहेब आणि मी पुढे निघालो.

इंजिनाचा आवाज आधी आला, पाडा नंतर दिसला. कुडाच्या एका छपरीत इंजिन होतं, पट्टा फिरत होता, बायका ज्वारीची टोपली घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या भुवयांवर पीठ. इंजिन सांभाळणारा दित्या पावरा नावाचा वयस्क माणूस होता. त्यानं आम्हाला पाहून इंजिन बंद केलं, तशा बायका नाराज झाल्या. मोगीताई आल्या. साहेबांनी विचारायला सांगितलं, हे डिझेल कुठून आणलं?

दित्या बोलेना. मोगीताईंनी पुन्हा विचारलं. त्यानं उलट काहीतरी विचारलं. मोगीताई आमच्याकडे वळल्या. "ते म्हणतात, आम्ही सांगितलं तर तो पंपवाला पुढल्या साली डबा भरून देईल का?"

साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी काय वचन देणार? मी म्हटलं, "पंपवाल्याचं मी सांगू शकत नाही. आमच्याकडून पंपाचं नाव, तुमचं नाव बाहेर जाणार नाही, एवढं सांगते. यातून तुम्हाला काही मिळणारही नाही. खोटं कशाला बोलू?"

मोगीताईंनी ते पोचवलं. दित्यानं बायकांकडे पाहिलं, एका म्हातारीशी बोलला. म्हातारी बरंच काही बोलली, हातवारे करून. मग दित्यानं सांगायला सुरुवात केली, आणि कवितानं माझ्या कार्यालयात बसून जे सांगितलं होतं तेच सगळं मोगीताईंच्या तोंडून आलं. तोडणी, मुकादमाचा ट्रक, फाटा, डबा, पिंप, पहिलं दळण. साहेबांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ते घरोघर गेले, वेगवेगळे विचारून आले. मी छपरीत बसून राहिले, बायकांनी मला पाणी दिलं, आणि मला मनातून देवाची आठवण येत होती हे सांगायला लाज वाटत नाही. एखाद्यानंही "नंदुरबारहून आणलं" म्हटलं असतं तर सगळं फिसकटलं असतं.

साहेब परत आले तेव्हा दित्या वैतागला होता. मोगीताईंची वाट न पाहता तो साहेबांशी बाजाराच्या अहिराणीत थेट बोलला, "साहेब, हाई बठ्ठं आम्ही फाटावरच त्या पोरले सांगेल शे. आम्हनी बोलीमा इचारं तिनी. काचनी पाटी व्हती तिन्हा हातमा. आते तुम्ही परत काब्र इचारी ऱ्हायनात? ती इसरी गयी का?"

साहेबांना अहिराणी अर्धीमुर्धी कळत होती, पण एवढं पुरेपूर कळलं. ते म्हणाले, "नाही. ती विसरली नाही." मग त्यांनी टोपी काढली आणि दित्याला नमस्कार केला.

परत येताना ते कवितासमोर थांबले. तिनं वर पाहिलं. साहेब म्हणाले, "कंत्राट राहील. शेरा मी चांगला लिहितो." तिनं मान हलवली. मी पुढे चालायला लागले.

वाटलं, संपलं. पण आमच्या धंद्यात काही संपत नाही. पंधरवड्यानं पुण्याहून पत्र आलं. अन्वेषकाचं, म्हणजे कविताचं, काम समाधानकारक, पण विसरवाडीची ती माहिती अपवादात्मक असल्यामुळे हिशोबातून वगळली. मी ते कविताला वाचून दाखवलं. मला वाटलं, तिची नोकरी वाचली म्हणून ती खूष होईल. ती म्हणाली, "ताई, मला ठेवलं आणि माझा आकडा काढला. मग मी खोटीच ना?"

मी म्हटलं, तसं नसतं, आकड्यांचे काही नियम असतात. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग शेरा चांगला कसा? खरं लिहिलं म्हणून चांगला, नि खरं लिहिलेलं काढून टाकलं." ती पुढच्या कंत्राटावर सही करायला तयार नव्हती. नर्सिंगवाल्या बहिणीची मी आठवण करून दिली तर म्हणाली, "तिला मी काय सांगू, तुझ्या ताईचं काम काय आहे?"

मी मोहिते साहेबांना फोन लावला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तेही सांगायला हवं. निवडलेल्या एका पंपाचा आकडा कितीतरी पंपांच्या वतीनं बोलतो, त्याचा गुणाकार होतो. होळीच्या आठवड्यातला विसरवाडीचा पंप तसाच गुणला असता तर आमचा पाडा सगळ्या राज्यात पसरला असता, जिथे तिथे चक्क्या आणि डबे. ही भीती खोटी नाही. मी म्हटलं, "मग त्याचं वजन कमी करा, तेवढ्या आठवड्यापुरतं, फाट्यावरच्या पंपांपुरतं धरा. पण काढू नका. चिठ्ठीत आपणच तो पंप काढला, आपणच तो आठवडा काढला. आपल्याला अपेक्षा नव्हती म्हणून जे निघालं ते फेकायचं असेल, तर मुलांना उन्हात उभं कशाला करायचं? पुण्यात बसून लिहू या."

साहेब म्हणाले, "शोभाताई, तुम्ही निवृत्त कधी होताय?"

"आकडा राहिला की होते साहेब."

ते हसले. त्यानंतर मी दोनदा नंदुरबारहून पुण्याला गेले, माझ्या खर्चानं, रजा टाकून. एका मोठ्या टेबलाभोवती शिकलेली माणसं बसली होती, सगळी माझ्यापेक्षा हुशार, आणि मी त्यांना एकच गोष्ट सांगत होते, ते डिझेल खरं आहे. मोहिते साहेब माझ्या बाजूनं बोलले. शेवटी ठरलं, आकडा राहील, कमी वजनानं. चक्कीला स्वतंत्र रकाना मिळाला नाही. ते "इतर" मध्ये गेलं. देशाच्या अहवालात जिथे शेती, रेल्वे, ट्रक, उद्योग अशा मोठ्या ओळी असतात, तिथे सगळ्यात खाली "इतर" अशी एक ओळ असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या ओळीत ते डबे आहेत.

मला रुखरुख आहे. पाड्यावर वीज अजून तशीच येते. तिथल्या माणसांना मी सांगितलं होतं, तुम्हाला काही मिळणार नाही, आणि ते शब्दशः खरं ठरलं. ते खोटं ठरलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

कवितानं कंत्राटावर सही केली. आता ती नव्या अन्वेषकांना प्रशिक्षण देते. निवृत्तीनंतर मला एकदा नंदुरबारला त्या वर्गाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी मागच्या बाकावर बसले होते. पुढे सगळी तरुण पोरं, हातात टॅबलेट, आणि फळ्यासमोर कविता. पाहणी कशी करायची ते ती समजावत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, गिऱ्हाइकाकडे वाहनच नसेल तर? लाल इशारा येतो ना. वरचे साहेब खोटं म्हणतील."

कवितानं खडू ठेवला. "नसेल तर 'नाही' लिहायचं. कुणी खोटं म्हणालं तर मला सांगा. त्यांना घेऊन डोंगरात जाऊ, रस्ता मला माहीत आहे."